भरती

इरफानभाईच्या दुकानात, तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर
फॉर्म उघडा आहे दीड तासापासून.
नाव: शांतला बसवंत होसूरकर.
गाव: मुतगा, तालुका बेळगाव.
मातृभाषा: इथं एकच चौकोन.
बाण दाबला की यादी उघडते,
एक निवडली की मिटते.
आईचं माहेर बैलहोंगल. बाबा मुतग्याचे.
मी बाण दाबते, सोडते.
"जल्दी भरो बेटा, सर्व्हर जाता फिर," इरफानभाई म्हणतो,
आणि तेही मला समजतं, कुठल्याच चौकोनाशिवाय.

खाली पसंतीक्रम.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्यात इचारायचं काय असतंय?"
पायदळातून नाईक म्हणून उतरले, आता बँकेच्या दारात
तसेच उभे असतात, पाठ भिंतीला न टेकता.
"लष्करच. पण दुभाषी म्हणजे काय करणार गे तू?
गोळी कोण मारायची?"
मी सांगितलं: बर्फातल्या चौकीवर
दोन साहेबांच्या मधे उभं राहायचं.
त्यांचं आपल्याला, आपलं त्यांना.
जरा वेळ गप्प बसले.
"म्हणजे सगळ्यात पुढं," म्हणाले.

वायुदल तर घरामागेच.
सांब्र्याच्या धावपट्टीवरनं विमान उठलं
की आधी आमच्या फळीवरची भांडी बोलतात.
तिथं कानाला यंत्र लावून बसायचं म्हणे, रात्रभर,
आणि खरखरीतनं माणूस ओळखायचा,
जशी आई फोनवर मामाच्या 'हां'वरनं ओळखते
तो जेवलेला नाही ते.

नौदल मी पाहिलेलं नाही.
सहल गेली होती कारवारला, तेव्हा जहाजं धुक्यात होती.
पाण्यावर सगळेच परके, म्हणून सगळ्यांशी बोलावं लागतं.
हे मला आवडलं.
आवडण्याचा रकाना फॉर्मात नाही.

अनुभवाचा आहे. तो मी रिकामा सोडला.
आमच्या फाट्यावरची पाटी दोनदा काळी झाली,
एकदा या बाजूच्यांकडून, एकदा त्या.
डांबराखालचं वाचायला मी तिथंच शिकले,
पण हे कुठल्या शब्दांत लिहायचं?
आणि हे?
नऊ वर्षांची होते. परशरामकाकांबरोबर कचेरीत गेलेले, उताऱ्यासाठी.
काकांना कन्नड येईना,
कारकुनाला मराठी कळत असून कळेना.
तिसऱ्या हेलपाट्याला काकांनी शिवी हासडली, आईवरनं.
कारकून माझ्याकडे वळला. "एन अंद्रु?"
मी म्हटलं, उन्हातनं आलेत, पाणी मागतात.
त्यानं तांब्या पुढे केला.
काका प्याले. उतारा मिळाला.
घरी सगळ्यांनी पाठ थोपटली,
आणि मला रात्रभर झोप नाही,
कारण दोघांपैकी कुणालाच मी खरं सांगितलं नव्हतं.

बर्फात असं पाणी देता येतं का
ते माहितीपत्रकात नव्हतं.
तरी एक नंबरला लष्करच लिहिलं.
बाबांसाठी नाही.
तिथं समोरच्याचं तोंड दिसतं,
ओठ सुकलेत का ते दिसतं.
मग वर जाऊन, सर्व्हर जायच्या आत,
मातृभाषेत बापाची भाषा भरली.
इरफानभाईनं दहा रुपये घेतले प्रिंटचे.

आई रोट्टी थापत होती.
मी कागद पिशवीतनं काढलाच नाही.
"अव्वा, भरतीला नाव घातलं."
तिच्या तोंडात 'भ' कधी टिकत नाही.
"बरती?" म्हणाली.
तिच्या भाषेत याचा अर्थ होतो, येशील?
तिला भरतीच म्हणायचं होतं, की विचारायचं होतं,
एवढी दुभाषी मी, मला ठरवता येईना.
तिचे हात थांबले होते पिठात.
निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं,
एवढं एक दोन्ही भाषांत सारखंच आहे.
म्हटलं, "बरतीनि, अव्वा."